वारंवारतेच्या उड्या : किती भरवशाच्या?

काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात पाहिलेला हा प्रसंग आहे. दोन शाळांच्या मुलांनी रिमोटवर चालणाऱ्या छोट्या मोटारी आणल्या होत्या आणि योगायोगाने दोघांची टेबले शेजारी-शेजारी आली होती. एकाने आपल्या रिमोटची कळ दाबली. त्याची मोटार पुढे सरकली. पण त्याच क्षणी शेजारच्या टेबलावरची मोटारही निघाली आणि काठावरून खाली पडून तिचे चाक निखळले. आधी अर्थातच भांडण झाले. ते मिटल्यावर मोटार पडलेल्या मुलाने प्रश्न विचारला, "सर, माझ्या गाडीने त्याच्या रिमोटचे का ऐकले?"

उत्तर सोपे होते. दोन्ही खेळणी २७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या एकाच वारंवारतेवर चालत होती. ओळखीच्या वारंवारतेची लहर आली की हुकूम पाळायचा, एवढेच त्या स्वस्त रिसीव्हरला ठाऊक होते. हुकूम कोणाचा, हे विचारण्याची सोय त्यात नव्हती.

मोटार टेबलावरून पडली तर चाक निखळते. विमान पडले तर काय होईल? फोमचे एखादे साधे मॉडेल विमान सुमारे ८०० ग्रॅमचे असते आणि सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर वेगाने सहज उडते. नववीतील सूत्राने त्याची गतिज ऊर्जा काढा : ½ × ०.८ × १५ × १५ = ९० ज्यूल. एक किलोचा दगड तीन मजल्यांच्या उंचीवरून सोडला, तर जमिनीवर येताना त्याची ऊर्जा जवळजवळ एवढीच असते. खाली मुले उभी असतील तर हा खेळ राहत नाही.

आज बाजारात मिळणारे विमानाचे बहुतेक रिमोट संच 'वारंवारतेच्या उड्या' मारणारे असतात. "यात दुसऱ्याचा अडथळा येतच नाही, निर्धास्त उडवा," असे दुकानदार सांगतो. हे कितपत खरे आहे? या उड्या कशापासून वाचवतात आणि कशापासून वाचवत नाहीत? ज्या शिक्षकाच्या मागे वीस-पंचवीस मुले उभी असतात, त्याला हे नेमके माहीत असायला हवे.

एका वाटेवर दोघे

जुन्या संचांत वारंवारता स्फटिकावर ठरत असे. क्वार्ट्झचा एक छोटा स्फटिक ट्रान्समीटरमध्ये आणि त्याच्या जोडीचा रिसीव्हरमध्ये बसवायचा. त्या जोडीची वारंवारता हीच त्या विमानाची वाट. अमेरिकेत मॉडेल विमानांसाठी ७२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात अशा ५० वाटा ठरवून दिल्या होत्या आणि दोन वाटांमध्ये २० किलोहर्ट्झचे अंतर होते. उड्डाणाच्या मैदानावर एक फळा असे. प्रत्येक वाटेच्या नावाचा एक चिमटा त्यावर लावलेला असे. ज्याच्या हाती चिमटा, त्यानेच आपला ट्रान्समीटर चालू करायचा. एखादा विसरला आणि त्याने चिमटा न घेताच कळ दाबली, तर आकाशातले दुसऱ्याचे विमान खाली येत असे. म्हणजे सगळी भिस्त माणसांच्या शिस्तीवर होती.

वाटेवर अडथळा आला तर वाट बदलावी, हा विचार काही नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यांतील गावेच्या गावे कोसळली. त्या काळात हौशी रेडिओचालक, ज्यांना आपण 'हॅम' म्हणतो, ते आपले संच घेऊन मदतीला आले होते. या हॅम मंडळींच्या भाषेत 'क्यूएसवाय' असा एक संकेत आहे. त्याचा अर्थ 'वारंवारता बदला'. बोलताना खरखर वाढली किंवा दुसरे कोणी मध्ये आले, की एकजण नवी वारंवारता सांगतो, 'क्यूएसवाय' म्हणतो आणि दोघेही आपापली चकती फिरवून नव्या ठिकाणी भेटतात.

माणसांना हे जमते, कारण बोलण्यात चार-दोन सेकंदांचा खंड पडला तरी बिघडत नाही. विमानाचे तसे नाही. चार सेकंदांत ते ६० मीटर पुढे गेलेले असते. शिवाय अडथळा आल्यावर "आता अमुक वारंवारतेवर या" हे सांगायचे तरी कसे? सांगण्याची वाटच तर बंद झालेली असते. म्हणून वाट केव्हा आणि कुठे बदलायची, हे अडथळा येण्याच्या आधीच ठरलेले असले पाहिजे.

ठरवून मारलेल्या उड्या

दुसऱ्या महायुद्धात नेमका हाच प्रश्न पुढे आला होता. रेडिओने चालवलेल्या पाणतीराची वारंवारता शत्रूला कळली, की तो तिथे गोंगाट करून पाणतीर भरकटवू शकेल. हेडी लामार ही चित्रपट अभिनेत्री आणि जॉर्ज अँथेल हा संगीतकार यांनी यावर एक युक्ती सुचवली. तिचे अमेरिकन पेटंट त्यांना ११ ऑगस्ट १९४२ रोजी मिळाले. आपोआप वाजणाऱ्या पियानोत भोके पाडलेली कागदी गुंडाळी असते. भोके पुढे सरकतात तसे सूर बदलतात. तशाच दोन सारख्या गुंडाळ्या जहाजावर आणि पाणतीरात ठेवायच्या, एकाच वेळी चालू करायच्या आणि दोन्हीकडची वारंवारता एकाच क्रमाने बदलत न्यायची. पियानोच्या पट्ट्या ८८, म्हणून पेटंटातील वारंवारताही ८८. त्या युद्धात ही युक्ती वापरली गेली नाही. पण तिच्यातला विचार आजच्या संचांतही तोच आहे.

आजचे संच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झच्या दरम्यान चालतात. भारतात कमी शक्तीची उपकरणे या पट्ट्यात परवान्याशिवाय वापरण्याची मुभा २००५ साली मिळाली. हा पट्टा समजा आपण पन्नास घरांत विभागला. ट्रान्समीटर एका घरातून हुकुमांचे एक छोटे पाकीट पाठवतो, लगेच दुसऱ्या घरात उडी मारतो, तिथून पुढचे पाकीट पाठवतो, असे चालू राहते. सेकंदाला साधारण शंभर पाकिटे जातात असे आपण धरू. काही संच याहून बरेच वेगवान असतात. ब्लूटूथ याच पट्ट्यात ७९ घरांमध्ये सेकंदाला १६०० उड्या मारते.

कागदी गुंडाळीचे काम आता एक आकडा करतो. प्रत्येक ट्रान्समीटरला स्वतःचा ओळख क्रमांक असतो. नवा संच आणला की सुरुवातीला ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांची जोडी जमवावी लागते. उडवणारे याला 'बाइंड करणे' म्हणतात. त्या वेळी रिसीव्हर हा क्रमांक कायमचा लक्षात ठेवतो. उड्यांचा क्रम त्या क्रमांकावरूनच काढला जातो, त्यामुळे दोघांकडे तो एकसारखा असतो. शिवाय प्रत्येक पाकिटावर हा क्रमांक आणि पाकीट अखंड आले की नाही हे पडताळण्यासाठीचा एक आकडा असतो. क्रमांक परका असेल किंवा पडताळा जुळला नाही, तर रिसीव्हर ते पाकीट टाकून देतो. प्रदर्शनातल्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. आता रिसीव्हर हुकूम कोणाचा आहे, हे विचारतो.

एखादे पाकीट हरवले तर दोघांची चुकामूक होत नाही का? होत नाही, कारण रिसीव्हर पाकीट आल्यावर उडी मारत नाही. तो आपल्या घड्याळावर उडी मारतो. हे घड्याळही क्वार्ट्झचेच असते. दोन घड्याळे दहा लाखांत वीस भागांनी उलट-सुलट चुकत असली, तरी एका सेकंदात त्यांच्यात फक्त ४० मायक्रोसेकंदांचा फरक पडतो. दोन उड्यांमधले अंतर १०,००० मायक्रोसेकंद आहे. म्हणजे काही सेकंद एकही पाकीट मिळाले नाही, तरी दोघे एकाच तालात उड्या मारत राहू शकतात.

नुकसान कमी होत नाही, विखुरते

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. याच पट्ट्यात वाय-फाय आहे, ब्लूटूथ आहे, मायक्रोवेव्ह ओव्हनची गळतीही आहे. लातूर किंवा नांदेडमध्ये शिकवणी वर्गांच्या एखाद्या गल्लीत उभे राहून फोनमधली वाय-फायची यादी उघडा. नावे एका पडद्यावर मावत नाहीत. तीच यादी गावाबाहेर चार-पाच किलोमीटर जाऊन सोयाबीनच्या वावरात उघडा. बहुधा ती रिकामी असेल. अशा गल्लीजवळ विमान उडवले तर काय होईल?

वाय-फायची एक वाहिनी सुमारे २० मेगाहर्ट्झ रुंद असते. म्हणजे एकच जोरकस वाय-फाय आपल्या पट्ट्याचा साधारण चौथा हिस्सा व्यापते. ते एक क्षणही न थांबता चालू आहे आणि त्या हिश्शात गेलेले आपले प्रत्येक पाकीट हरवते, असे अगदी वाईटात वाईट धरू.

एका जागी बसणाऱ्या जुन्या पद्धतीच्या संचाची वाट त्या चौथ्या हिश्शात पडली, तर त्याची सगळी पाकिटे हरवतील. बाहेर पडली, तर एकही हरवणार नाही. उड्या मारणाऱ्या संचाची चारातली एक गोळी चुकते, तसे चारातले एक पाकीट हरवेल. असे अनेक संच घेऊन सरासरी काढली, तर दोन्हीकडे हरवण्याचे प्रमाण तेच येते : चारात एक. उड्यांमुळे एकूण नुकसान कमी झालेले नाही! मग फायदा कोणता?

मराठवाड्यातल्या माणसाला हे सांगायला गणित लागू नये. एखाद्या वर्षी पाऊस सरासरीच्या पाऊणपट झाला, पण आठ-दहा दिवसांनी येत राहिला, तर सोयाबीन हाती लागते. दुसऱ्या वर्षी पाऊस तेवढाच झाला, पण शेंगा भरण्याच्या वेळी पंचवीस दिवसांचा खंड पडला, तर पीक जाते. पर्जन्यमापकाचा वर्षाचा आकडा दोन्ही वेळा सारखाच असतो. पिकाला मारते ती एकूण तूट नव्हे, सलग खंड मारतो. विमानाचेही तसेच आहे. शंभरातली पंचवीस पाकिटे विखरून हरवली तर उडवणाऱ्याला कळतसुद्धा नाही, कारण दर पाकिटात सगळे हुकूम पुन्हा नव्याने असतात. तीच पंचवीस सलग हरवली तर पाव सेकंद विमान कोणाचेच नसते.

म्हणून आपल्याला सलग खंडाची शक्यता काढली पाहिजे. एक पाकीट हरवण्याची शक्यता १/४. लागोपाठ दोन हरवण्याची १/४ × १/४ = १/१६. लागोपाठ दहा हरवण्याची शक्यता चाराचा दहावा घात भाजकात घेऊन येते : १०,४८,५७६ मध्ये एक. दहा मिनिटांच्या उड्डाणात ६०,००० पाकिटे जातात. तेव्हा सलग दहा पाकिटांचा खंड वीस-पंचवीस उड्डाणांत एखाद्या वेळी दिसेल. तो असेल एक दशांश सेकंदाचा. तेवढ्यात विमान दीड मीटर सरकते. दिवा लागलेला पाहून बोट हलवायला माणसाला साधारण त्याच्या दुप्पट वेळ लागतो!

आता परिस्थिती आणखी बिघडवू. १, ६ आणि ११ या तिन्ही वाहिन्यांवर जोरकस वाय-फाय आहे आणि पट्ट्याचा पाऊण भाग गेला आहे. आता एक पाकीट हरवण्याची शक्यता ३/४. सलग दहा हरवण्याची शक्यता एकदम साडेपाच टक्क्यांवर जाते. विमान किंचित अडखळल्यासारखे वाटेल. तरीही सलग पन्नास पाकिटे, म्हणजे अर्धा सेकंद, हरवण्याची शक्यता सतरा-अठरा लाखांत एक आहे. शंभर-सव्वाशे उड्डाणांत एकदा असा खंड पडेल. चार पाकिटांतील तीन हरवत असताना विमान उडत राहते, हे आश्चर्यच म्हणायचे.

एकाच मैदानावर अनेकजण उडवत असतील तर? आणखी दहाजण आपापल्या क्रमाने पन्नास घरांत उड्या मारत आहेत. त्यांतला कोणी ना कोणी माझ्याच घरात असण्याची शक्यता जास्तीत जास्त अठरा टक्के येते. तीही एका पाकिटापुरती. पुढच्या उडीला सगळे पांगतात. चिमट्यांच्या फळ्याची गरज यामुळेच संपली.

वर्गात करून पाहा

यासाठी रेडिओ लागत नाही, दोन नाणी पुरतात. दोन्ही नाणी एकदम उडवा. दोन्हींवर छापा आला तर पाकीट हरवले; शक्यता चारात एक. प्रत्येक मुलाने शंभर वेळा नाणी उडवून वहीत बरोबर किंवा फुली अशी नोंद करावी. मग दोन गोष्टी मोजाव्यात : एकूण फुल्या किती आणि सलग फुल्या जास्तीत जास्त किती. एकूण फुल्या पंचविसाच्या आसपास येतील. सलग फुल्या बहुतेकांच्या दोन ते चार असतील. चाळीस मुलांच्या मिळून चार हजार नोंदींतही सलग सहा-सात म्हणजे खूप झाल्या. सलग दहा फुल्या दिसण्यासाठी असे साडेतीनशे वर्ग घ्यावे लागतील.

यानंतर खेळाचा नियम एकदाच मोडा. मध्येच शिक्षकाने शिट्टी वाजवावी आणि सांगावे, "आता पुढच्या तीस नोंदी सगळ्यांच्या फुल्या." मुले म्हणतील, "सर, ही फसवणूक आहे." त्यांचे म्हणणे बरोबर आहे, आणि पुढचा सगळा मुद्दा त्या शिट्टीचाच आहे.

गुणाकार केव्हा चुकतो

१/४ ला १/४ ने आपण गुणले, ते एका अटीवर : एका पाकिटाचे नशीब दुसऱ्यापासून वेगळे असले पाहिजे. वाय-फाय पट्ट्याच्या एका भागात असते, म्हणून पुढची उडी त्याच्या बाहेर पडू शकते. पण सगळी घरे एकदम बंद करणारे कारण असेल, तर कितीही उड्या मारा, प्रत्येक उडी त्याच अंधारात पडते. तिथे गुणाकार लागू होत नाही.

हे मला एका विद्यार्थ्याच्या विमानाने शिकवले. लातूर-नांदेड रस्त्यावर अहमदपूर ओलांडून लोह्याकडे जाताना, हरभरा काढून झालेल्या एका रानात आम्ही जमलो होतो. संच उड्या मारणाराच होता. आसपास वस्ती नव्हती. तिसऱ्या फेरीत मुलाने विमान जोरात वळवले आणि ते वळणातच राहिले. मोटरचा आवाज थांबला, विमान नाकावर ढेकळांत आदळले. बघायला आलेल्या मंडळींनी लगेच निकाल दिला : "त्या टॉवरने पाडले." क्षितिजावर मोबाइलचा एक टॉवर दिसत होता खरा. कोणीतरी सगळ्यांना फोन बंद करायला लावले.

मोबाइलच्या वारंवारता २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याबाहेर असतात. त्यांतला २३०० मेगाहर्ट्झचा पट्टा अगदी शेजारी येऊन थांबतो. त्यामुळे टॉवरच्या पायथ्याशी उडवले तर त्याच्या जोराने स्वस्त रिसीव्हर बहिरा होऊ शकतो. पण आमचा टॉवर फार दूर होता. मुलाने मात्र एक गोष्ट नीट पाहिली होती. पडलेल्या विमानातला रिसीव्हरचा दिवा लुकलुकत होता, आणि सोबतच्या पुस्तिकेत लुकलुकण्याचा अर्थ दिला होता : मध्ये वीजपुरवठा तुटला होता.

घरी आल्यावर आम्ही मीटर लावला. रिसीव्हरला पाच व्होल्ट मिळत होते. काठी पूर्ण कोपऱ्यात ढकलली की शेपटीचा सर्व्हो आपल्या तारेत अडकत होता, कुरकुरत होता आणि भरपूर प्रवाह ओढत होता. त्याच क्षणी पाच व्होल्टचे तीनाखाली येत होते. रिसीव्हर बंद पडून पुन्हा सुरू होत होता. जोरात वळण घेतले की हेच घडणार होते, मग ते लातुरात घ्या, लोह्यात घ्या किंवा टॉवर नसलेल्या एखाद्या बेटावर. उड्यांचा यात काही दोष नव्हता आणि उपयोगही नव्हता.

दुसरा शोध याहून अस्वस्थ करणारा होता. पंखा काढून ठेवून आम्ही मोटर चालू केली आणि मुद्दाम ट्रान्समीटर बंद केला. मोटर थांबायला हवी होती. ती फिरतच राहिली. संपर्क तुटला तर काय करायचे, हे रिसीव्हरला कोणी शिकवलेच नव्हते. तो शेवटचा हुकूम धरून बसला होता. रानात वीज न तुटता संपर्क तुटला असता, तर विमान पूर्ण वेगाने, ज्या दिशेला तोंड होते तिकडे गेले असते. मुले कोणत्या बाजूला उभी होती, हे आठवून त्या रात्री मला झोप लागली नाही.

सगळी घरे एकदम बंद करणारी कारणे

वीजपुरवठा हे पहिले कारण झाले. दुसरे कारण आपले शरीर. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी फक्त साडेबारा सेंटिमीटर असते. ७२ मेगाहर्ट्झची चार मीटरहून जास्त होती. लांब लहर अडथळ्याला वळसा घालून जाते, आखूड लहर जवळजवळ प्रकाशासारखी सरळ जाते. पाणी तिला शोषून घेते, आणि माणूस म्हणजे बराचसा पाणीच. ट्रान्समीटर पोटाशी धरून विमानाकडे पाठ केली, की पन्नासही घरांवर सावली पडते. दाट झाडे, घराची भिंत, विमानातला कार्बन फायबरचा भाग यांचेही तेच.

तिसरे कारण अँटेना. सरळ दांडीसारख्या अँटेनाच्या टोकाच्या दिशेने लहरी जवळजवळ निघतच नाहीत. त्या बाजूंनी पसरतात. नवशिक्या मात्र बंदुकीसारखा अँटेनाचा नेम विमानावर धरतो. रिसीव्हरच्या अँटेनाची उघडी तार पाव लहरीएवढी, सुमारे ३१ मिलिमीटर असते. ती दुमडली, कापली किंवा बॅटरीखाली दडपली तर पल्ला फार घटतो. दोन तारा असतील तर त्या एकमेकींना काटकोनात ठेवाव्यात, म्हणजे विमान कसेही कलले तरी एक तरी नीट ऐकते.

चौथे कारण अंतर. अंतर दहापट झाले की पोचणारी शक्ती शंभरपट घटते. विमान तुमच्यापासून ५०० मीटरवर आणि एखाद्या गच्चीवरच्या वाय-फायपासून ५० मीटरवर असेल, तर सारख्याच शक्तीचे असूनही ते वाय-फाय विमानाला शंभरपट जोरात ऐकू येते. ऐकायचे काम वर उडणारा रिसीव्हर करतो, आणि त्याला वरून साऱ्या गल्ल्या एकदम दिसतात. म्हणून जमिनीवर उभे राहून फोनमध्ये पाहिलेली यादी ही विमानाची यादी नव्हे.

मैदानावर जाण्यापूर्वी

यावरून चाचण्या आपोआप ठरतात. पहिली, फेलसेफची. घरीच पंखा काढून ठेवावा, मोटर चालू करावी आणि ट्रान्समीटर बंद करावा. मोटर थांबलीच पाहिजे. थांबली नाही तर पुस्तिकेप्रमाणे फेलसेफ बसवावा आणि पुन्हा पाहावे. नव्याने बाइंड केल्यावर ही चाचणी पुन्हा करावी.

दुसरी, विजेची. सगळे सर्व्हो एकदम टोकापर्यंत हलवून रिसीव्हरचे व्होल्ट पाहावेत. कुठे कुरकुर ऐकू आली तर तारेची अडचण आधी काढावी.

तिसरी, पल्ल्याची. बहुतेक ट्रान्समीटरमध्ये शक्ती मुद्दाम कमी करून पाहण्याची सोय असते. समजा शक्ती हजाराव्या भागावर आणली, तर पल्ला सुमारे बत्तिसाव्या भागावर येतो. म्हणजे तीस मीटरवर नीट चालले तर पूर्ण शक्तीवर नऊशे मीटरच्या पुढे चालेल. किती पावलांवर पाहायचे हे पुस्तिकेत असते. अनेक संचांत ते तीस पावले आहे. ही चाचणी पाठ फिरवूनही करावी, म्हणजे सावली किती पडते ते मुलांना दिसेल.

चालू करताना आधी ट्रान्समीटर, मग विमान. बंद करताना आधी विमान, मग ट्रान्समीटर. मुलांना नेहमी उडवणाऱ्याच्या मागे उभे करावे.

जागेबद्दल एक गोष्ट विसरू नये. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत उडवण्यासाठी परवानगी लागते. आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटर उंचीपर्यंत आणि त्यापलीकडे, जिथे आणखी काही बंधन नाही तिथे, १२० मीटरपर्यंत मोकळीक आहे. नांदेडचा विमानतळ शहराला लागून असल्याने तिथल्या बऱ्याच शाळांची मैदाने पहिल्याच वर्तुळात येतात. शासनाच्या डिजिटल स्काय नकाशावर आपले मैदान आधी शोधावे.

त्या विद्यार्थ्याचे विमान आम्ही दुरुस्त केले. सर्व्होची तार मोकळी केली, रिसीव्हरला वेगळा पुरवठा दिला. त्याच्या वहीत आता दोन रकाने आहेत. पहिल्यात एकेक घर बंद करणारी कारणे : शेजारचे वाय-फाय, दुसऱ्याचा ट्रान्समीटर. दुसऱ्यात सगळी घरे बंद करणारी : वीज, सावली, अँटेना, अंतर. पहिल्या रकान्याखाली त्याने लिहिले आहे, "हे उड्या पाहतील." दुसऱ्याखाली, "हे मी पाहायचे." दर उड्डाणाआधी तो दुसरा रकाना वाचतो आणि प्रत्येक कारणापुढे बरोबरची खूण करूनच विमान हातात घेतो.